कीटकांच्या पेशींत राहणारे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा बायोटेक शिकणारी मुलेमुली प्रोजेक्टचा विषय शोधू लागली की हे प्रश्न हमखास येतात. काही प्रश्न शिक्षकांचेही असतात, आणि उसाच्या फडात मावा पाहत लहानाचे मोठे झालेल्यांचेही. इथे त्यांची सविस्तर उत्तरे दिली आहेत.

हे सहजीवी जिवाणू म्हणजे नेमके कोणते?

माव्यापासून सुरुवात करू, तो आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेला आहे. मावा पानाच्या नळ्यांतला रस शोषून जगतो. त्या रसात साखर भरपूर असते, पण शरीर बांधायला लागणारी अत्यावश्यक अमिनो आम्ले फारच कमी. तरीही चार दिवस ढगाळ गेले की पान पिलांनी भरून जाते. मावा हे करू शकतो याचे कारण बुक्नेरा हा जिवाणू. माव्याच्या शरीरात त्याच्यासाठी खास पेशी असतात. त्या पेशींत राहून तो कमी पडणारी अमिनो आम्ले बनवून देतो आणि आईकडून थेट पिलांत जातो. माव्यांच्या बहुतेक जातींत हे नाते कोट्यवधी वर्षांपासून चालत आले आहे. बाहेर मातीत, पाण्यात बुक्नेरा कुठेच राहत नाही.

निपाणीच्या तंबाखूवर, टोमॅटोवर, वांग्यावर येणाऱ्या पांढऱ्या माशीत पोर्टिएरा नावाचा जिवाणू असेच काम करतो. तिच्यात त्याच्या जोडीला हॅमिल्टोनेला, रिकेट्सिया, कार्डिनियम असे आणखीही भाडेकरू सापडतात.

वोल्बाकियाची गोष्ट वेगळी आहे. १९२४ साली हर्टिग आणि वोल्बाक या दोघांनी तो क्युलेक्स डासात पाहिला. कीटकांच्या साधारण निम्म्या जातींत तो असावा असा अंदाज आहे. बुक्नेरा मिळाला नाही तर मावा खंगतो. वोल्बाकियावाचून बहुतेक कीटकांचे काही अडत नाही, पण तो असला की कीटकाच्या प्रजननात ढवळाढवळ करतो. वोल्बाकिया असलेला नर आणि नसलेली मादी यांचे मीलन झाले तर अंडी फुटत नाहीत. उलट वोल्बाकिया असलेल्या मादीची अंडी कुठल्याही नराकडून फळतात. त्यामुळे काही पिढ्यांत वोल्बाकिया असलेल्या माद्यांची संख्या वाढत जाते. डेंग्यूविरुद्धची पुढची योजना बऱ्याच अंशी या गुणावर उभी आहे.

बाकीचे जिवाणू अगार प्लेटवर वाढतात, मग हे का नाही?

स्वतंत्र जगायला लागणारी जनुके त्यांनी केव्हाच गमावली आहेत. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या जनुकसंचात डीएनएची सुमारे ४६ लाख अक्षरे असतात. फळमाशीतल्या (ड्रोसोफिला) वोल्बाकियाच्या संचात ती सुमारे १२.७ लाख आहेत, आणि वाटाण्यावरच्या माव्यातल्या बुक्नेराचा संच २००० साली वाचला गेला तेव्हा तो फक्त ६.४ लाखांचा निघाला. पेशीत सगळे आयते मिळत असल्याने ते बनवण्याची जनुके पिढ्यानुपिढ्या गळत गेली. असा जिवाणू पोषक अगारवर, म्हणजे पोषक द्रव्ये घातलेल्या जेलीवर, टाकला तर तो लगेच मरतोच असे नाही. वोल्बाकिया पेशींबाहेर, नुसत्या माध्यमात (पोषक द्रवात) आठवडाभर जिवंत राहतो आणि पुन्हा पेशी मिळाल्या की आत शिरतो, हे २००६ साली दाखवले गेले. पण त्या आठवडाभरात त्याची संख्या वाढत नाही. वाढायला त्याला जिवंत पेशीच लागते.

सगळेच सहजीवी असे अवलंबून असतात का?

नाही. त्से-त्से माशीतला सोडालिस १९८७ साली आधी डासाच्या पेशींत वाढवला गेला, आणि १९९९ पर्यंत तो पेशींशिवाय शुद्ध स्वरूपात वाढू लागला. माव्याचे परजीवी गांधीलमाशीपासून रक्षण करणारा हॅमिल्टोनेला २०१७ मध्ये आणि फळमाशीतला स्पायरोप्लाझ्मा २०१८ मध्ये प्रयोगशाळेत वाढवता आला. साधारणपणे जिवाणूचे कीटकाशी नाते जितके नवे, तितका तो बाहेर वाढण्याची शक्यता जास्त. बुक्नेरा मात्र आजही माव्याबाहेर टिकवून वाढवता येत नाही. तेव्हा प्रोजेक्टच्या अर्जात ‘बुक्नेराचे कल्चर’ असे लिहू नका.

कीटकांच्या पेशींची सेल लाइन आली कुठून?

हा प्रश्न कुणी विचारला की मला मनापासून आनंद होतो, कारण या उत्तरात आपल्या जवळचे पुणे येते.

कीटकांच्या पेशी काचेच्या बाटलीत कायम वाढत ठेवणे, म्हणजे त्यांची सेल लाइन करणे, अनेक वर्षे कुणाला जमत नव्हते. १९६२ साली ऑस्ट्रेलियात थॉमस ग्रेस यांनी एका पतंगाच्या पेशींवर ते करून दाखवले. त्यांनी बनवलेले माध्यम आजही त्यांच्या नावानेच विकत मिळते. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या दोन डासांच्या अळ्यांपासून सेल लाइन तयार केल्या. ही संस्था म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. सिंग यांच्या अल्बोपिक्टस लाइनमधून जपानी शास्त्रज्ञ इगाराशी यांनी १९७८ साली एक क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला वंश) वेगळा काढला. तोच सी६/३६. आज जगात जिथे जिथे डेंग्यूचा विषाणू वाढवतात तिथे बहुधा सी६/३६ असते, आणि वोल्बाकियाही तिच्यात वाढवला जातो. आपल्या मुलांनी ही लाइन परदेशी म्हणून शिकू नये. ती पुण्यात घेतलेल्या अळ्यांची वंशज आहे.

दुसरे नाव आपल्या मक्याशी जोडलेले आहे. २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा कर्नाटकातच सापडलेली अमेरिकन लष्करी अळी आता आपल्या शेतकऱ्यांना पाठ झाली आहे. त्याच जातीच्या कोषातल्या अंडाशयापासून एसएफ२१ आणि तिच्यातून एसएफ९ ही लाइन निघाली. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्होव्हॅक्स ही कोविड लस ज्या प्रथिनापासून बनते, ते प्रथिन एसएफ९ पेशींत तयार होते.

पेशींत जिवाणू घालतात कसा?

दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत जिवाणू आधीपासून असलेल्या अंड्यांपासूनच नवी सेल लाइन तयार करायची, म्हणजे भाडेकरू घरासकट येतो. १९९७ साली अल्बोपिक्टस डासाच्या अंड्यांपासून एए२३ ही लाइन अशीच निघाली आणि वोल्बाकिया पहिल्यांदा पेशी-संवर्धनात कायमचा टिकला. पण नवी लाइन उभी राहायला महिनोन्‌महिने जातात आणि बहुतेक प्रयत्न अर्ध्यात थांबतात.

दुसऱ्या वाटेत तयार, निर्जिवाणू लाइन घेऊन तिच्यात जिवाणू सोडायचा. अंडी ब्लीच आणि ७० टक्के अल्कोहोलने बाहेरून स्वच्छ करतात, माध्यमात हलक्या हाताने चिरडतात आणि कमी वेगाने सेंट्रिफ्यूज करून चोथा खाली बसवतात. वरचे पाणी ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळले की कीटकाच्या पेशी मागे राहतात. वोल्बाकिया साधारण १ मायक्रॉनचा, तो पार होतो. हे गाळलेले द्रव पेशींच्या थरावर घालून साधारण २,००० ते २,५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पट) बलाने तासभर पुन्हा फिरवतात, म्हणजे जिवाणू पेशींवर दाबले जातात. मग बाटली २६ अंशांच्या आसपास ठेवून वाट पाहायची.

अंड्यांच्या स्वच्छतेत घाई करू नका. पृष्ठभागावरचा एक साधा बॅसिलस आत गेला तर दुसऱ्या दिवशी माध्यम गढूळ झालेले असते आणि सगळे ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) फेकावे लागते.

पहिल्या आठवड्यात जिवाणू दिसतो, महिन्याभराने नाहीसा होतो. असे का होते?

सगळ्यात जास्त निराशा इथेच होते, म्हणून हे सविस्तर सांगतो.

बाटलीत तुम्ही दोन जीव वाढवत असता आणि दोघांचा वेग वेगळा असतो. पेशी जिवाणूपेक्षा भराभर विभागल्या तर प्रत्येक नव्या पेशीच्या वाट्याला कमी जिवाणू येतात, आणि काही पॅसेजनंतर (दर वेळी पेशी पातळ करून नव्या बाटलीत घालणे म्हणजे एक पॅसेज) बहुतेक पेशी रिकाम्या निघतात. रिकाम्या पेशींवर कसलाच भार नसल्याने त्या आणखी वेगाने वाढतात. उलट जिवाणू फार वाढला तर पेशी फुगतात, सुटतात, मरतात आणि त्यांच्याबरोबर जिवाणूही जातो. कल्चर टिकवणे म्हणजे या दोन वेगांचा तोल सांभाळणे.

तोल तीन गोष्टींनी साधतो. तापमान एकदोन अंशांनी उतरवले की पेशींचा वेग कमी होतो. पॅसेज करताना पेशी फार पातळ करायच्या नाहीत. एकास पाच करण्याची सवय असेल तर इथे एकास दोन करा आणि उशिरा करा. तिसरी गोष्ट सीरमचे प्रमाण. बहुतेक ठिकाणी १० टक्के फीटल बोव्हाइन सीरम (गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्ताचे सीरम) वापरतात. ते थोडे कमी केले तर पेशी संथ होतात, पण फार कमी केले तर त्या आजारी पडतात. आकडे पाठ करून हे येत नाही. तुमची लाइन तुमच्या खोलीत कशी वागते ते रोज पाहावे लागते आणि वहीत लिहावे लागते.

माझा आग्रह असा की पहिले तीन-चार महिने जिवाणूला हातही लावू नका. नुसत्या पेशी वाढवा, गोठवा, पुन्हा उठवा, मोजा. ज्याला निरोगी पेशी ओळखता येत नाही, त्याला आजारी पेशी जिवाणूमुळे आजारी आहेत की आपल्या हलगर्जीपणामुळे, हे कधीच कळणार नाही.

जिवाणू खरोखर वाढतोय हे कसे ओळखायचे?

पीसीआरची (डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणाऱ्या चाचणीची) पट्टी आली म्हणजे वाढ झाली, असे नव्हे. मेलेल्या जिवाणूचा डीएनएही काही काळ पट्टी देतो. वोल्बाकियासाठी डब्ल्यूएसपी हे जनुक शोधतात. ते आहे की नाही एवढ्यावर न थांबता पेशीच्या एका जनुकाच्या तुलनेत त्याच्या किती प्रती आहेत हे क्यूपीसीआरने (प्रती मोजणाऱ्या पीसीआरने) पॅसेजमागून पॅसेज मोजा. हे गुणोत्तर टिकले किंवा वाढले तरच कल्चर उभे आहे असे म्हणता येईल.

सोबत डोळ्यांनीही पाहा. जिम्सा रंग किंवा डीएपीआय लावला की केंद्रकाबाहेर बारीक ठिपके दिसतात. पण इथे एक फसगत होते. मायकोप्लाझ्माचा (बाटलीत नकळत शिरणाऱ्या अगदी बारीक जिवाणूचा) संसर्ग झाला तरी अगदी असेच ठिपके दिसतात. म्हणून मायकोप्लाझ्माची वेगळी पीसीआर चाचणी दर महिन्याला करायचीच. शक्य असेल तर फिश पद्धतीने, म्हणजे त्याच जिवाणूला चिकटणाऱ्या चमकत्या प्रोबने, खात्री करा.

तिसरी अट म्हणजे तुलनेसाठी जोड. तीच लाइन टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देऊन जिवाणूमुक्त करायची, औषध काढून काही पॅसेज जाऊ द्यायचे आणि दोन्ही बाटल्या शेजारी ठेवायच्या. ही जोड नसेल तर प्रबंधातला एकही आलेख मला पटणार नाही.

पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घालावे का?

सुरुवातीच्या दिवसांत वापरतात, पण त्याची सवय लावू नका. वोल्बाकियावर पेनिसिलिनचा फारसा परिणाम होत नाही. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, रिफाम्पिसिनने मात्र तो मरतो. दुसरा सहजीवी वाढवत असाल तर त्याची संवेदनशीलता आधी तपासा. मायकोप्लाझ्मा काढायची बरीच औषधे सहजीवीलाही मारतात, त्यामुळे तो शिरलाच तर बाटली वाचवत बसू नका. गोठवलेल्या साठ्यातून नव्याने सुरुवात करा.

आमच्या कॉलेजात हे होऊ शकेल का?

पेशी वाढवण्यापर्यंत, हो. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींना ३७ अंश तापमान आणि बहुधा ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा महागडा इनक्युबेटर लागतो. कीटकांच्या पेशी श्नायडर किंवा ग्रेसच्या माध्यमात २५ ते २८ अंशांवर, घट्ट झाकणाच्या बाटलीत, वेगळ्या वायूशिवाय वाढतात. एसएफ९ तर ट्रिप्सिनशिवाय, बाटलीवर हलकी टिचकी मारून सुटते. लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेचे कामाचे कपाट), उलटा सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज, ऑटोक्लेव्ह आणि बीओडी इनक्युबेटर एवढ्यावर सुरुवात होते.

बीओडीच म्हणतो, कारण त्यात थंड करण्याची सोय असते. बेळगावची हवा थंड म्हणून नुसत्या खोलीत बाटल्या ठेवाव्यात असा मोह होतो. पावसाळ्यात ते चालूनही जाते. पण एप्रिल-मेमध्ये खोली तिशीच्या वर जाते, अथणी-चिकोडीकडे तर त्याहूनही वर, आणि पेशी काळवंडतात. वीज जाण्याचे म्हणाल तर दोन-तीन तासांनी कीटकांच्या पेशींचे फारसे बिघडत नाही. खरी काळजी उणे ८० च्या फ्रीजरची आणि द्रव नायट्रोजनची. नायट्रोजनच्या पिंपाची पातळी कोण पाहणार, त्याचे नाव भिंतीवर लिहून ठेवा, सुट्टीच्या दिवसांचे सुद्धा.

सीरम सगळ्यात महाग पडते. दोन-तीन विभागांनी मिळून एकाच लॉटचे सीरम घ्यावे. लॉट बदलला की पेशींचे वागणेही बदलते, म्हणून यात पैसेही वाचतात आणि प्रयोगही सांभाळला जातो.

एवढा खटाटोप कशासाठी?

डेंग्यूसाठी, पहिल्यांदा. वोल्बाकिया असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही, पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीत वोल्बाकिया सहसा नसतो. फळमाशीतला वोल्बाकिया या डासात टिकेना, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या गटाने तो आधी तीन वर्षांहून अधिक काळ डासांच्या सेल लाइनमध्ये वाढवून डासाच्या पेशींची सवय लावली आणि मग अंड्यांत टोचला. २००९ मध्ये हे जमले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच केर्न्स परिसरात सौम्य प्रकारचा वोल्बाकिया असलेले डास सोडले गेले. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात झालेल्या चाचणीचे निकाल २०२१ साली आले. वोल्बाकियाचे डास सोडलेल्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी आणि डेंग्यूमुळे इस्पितळात भरती होणे ८६ टक्क्यांनी कमी होते. बाटलीतली ती तीन वर्षे नसती तर पुढचे काहीच झाले नसते, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो.

दुसरे कारण हत्तीपाय. उत्तर कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांना त्याचा जुना त्रास आहे. हा रोग करणाऱ्या कृमींच्या शरीरातही वोल्बाकिया असतो. डॉक्सिसायक्लिनचा काही आठवड्यांचा कोर्स दिला की तो मरतो आणि कृमी वांझ होऊन हळूहळू मरतात. त्याहून कमी दिवसांत काम करणारे औषध शोधण्यासाठी वोल्बाकिया असलेल्या सी६/३६ पेशींवर हजारो रसायने तपासली गेली. कृमी बाटलीत वाढवता येत नाहीत, पेशी येतात.

मग बेळगावात असे डास सोडणार का?

पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने २०२२ साली वोल्बाकिया असलेल्या भारतीय एडिस इजिप्तीच्या दोन वाणांची घोषणा केली. ते गावात सोडणे हा सरकारी मंजुरीचा विषय आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेने असा कुठलाही डास बाहेर जाऊ देऊ नये.

उसावरच्या लोकरी माव्यावर यातून उपाय निघेल का?

२००२ साली सांगलीकडून आलेल्या पांढऱ्या लोकरी माव्याने आपल्या पट्ट्यातला ऊस कसा पांढराफटक केला होता, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. तो आटोक्यात आला त्यात डिफा, मायक्रोमस, एन्कार्शिया या मित्रकीटकांचा मोठा वाटा होता. सहजीवी जिवाणूवर घाव घालून मावा संपवायची कल्पना आकर्षक आहे, पण शेतात प्रतिजैविक फवारणे हा उपाय नव्हे, कारण जमिनीतले आणि जनावरांतले जिवाणू त्याने प्रतिकारक्षम होतील. आज करण्याजोगे काम वेगळे आहे. आपल्या भागातल्या माव्यात आणि पांढऱ्या माशीत कोणते सहजीवी आहेत ते तालुकावार पीसीआरने नोंदवणे. हॅमिल्टोनेला असलेला मावा परजीवी गांधीलमाशीला दाद देत नाही, म्हणून मित्रकीटक सोडण्याआधी ही नोंद उपयोगी पडू शकते. पांढऱ्या माशीतल्या हॅमिल्टोनेलाचे एक प्रथिन तर टोमॅटोच्या पर्णगुच्छ विषाणूला माशीच्या शरीरात सांभाळते असे दिसले आहे.

यात धोका आहे का?

वोल्बाकिया माणसाला किंवा जनावराला बाधत नाही. रिकेट्सिया गटातले काही जिवाणू मात्र गंभीर आजार करतात. खानापूरच्या जंगलातून गोचिडी आणून कॉलेजात चिरू नका, कितीही उत्साह असला तरी. १९५७ साली शिमोग्यात सापडलेला क्यासनूरचा माकडताप २०१६ पर्यंत सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंत पोचला होता, आणि तो गोचिडींतूनच येतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सेल लाइनमध्ये कधी कधी सुप्त विषाणू असतात, एसएफ९ मध्येही असा विषाणू २०१४ साली सापडला. म्हणून हातमोजे, ऑटोक्लेव्ह आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची लेखी परवानगी या गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात.

नमुने कुठून आणि कसे आणायचे?

शेतातून, मालकाला विचारून. फवारणी कधी झाली तेही विचारा. पीसीआरसाठी नमुना ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा. कल्चरसाठी मात्र कीटक जिवंतच आणावा लागतो, ओल्या टिपकागदासह, हवेशीर डबीत, उन्हाआधी. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही गोळा करू नका.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. जमेल का?

जमेल. शोधनिबंध इंग्रजीत वाचावे लागतील, पण वही ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत लिहा. शेतकऱ्याशी मराठी किंवा कन्नडमध्ये नीट बोलता येणे ही या कामात मोठी जमेची बाजू आहे.

सेल लाइन आणि प्रशिक्षण कुठे मिळते?

सेल लाइनसाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी-भांडाराकडे विभागप्रमुखांच्या सहीने मागणी करावी. ओळखीच्या प्रयोगशाळेतून आणलेली बाटली कितव्या पॅसेजची आहे आणि तिच्यात मायकोप्लाझ्मा आहे की नाही, हे बहुधा कुणालाच सांगता येत नाही. कीटकांची ओळख पटवायला धारवाड कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग जवळ आहे, आणि शेतीतल्या कीटकांच्या सहजीवींसाठी बेंगळुरूला हेब्बाळमध्ये राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे. पत्र लिहिताना कोणता कीटक, कोणत्या पिकावरचा, कोणत्या गावचा आणि तुमच्याकडे कोणती उपकरणे आहेत हे पहिल्या चार ओळींतच लिहा. सेल लाइन मंजूर झाली की पार्सल येण्याआधीच माध्यम, सीरम आणि रिकामी बीओडी तयार ठेवा. पार्सल शनिवारी पोचेल असे मागवू नका.